घरी विचारून या

विमा कंपनीच्या दप्तरात बत्तीस वर्षे काढलेल्या बाईला नोंद केल्यावाचून राहवत नाही. सुनेत्रा पेडणेकरचे तेच झाले, आणि त्यापायी एकतीस बायकांचे संसार एका लांबट वहीत अडकले.

करी रोडच्या चाळीत, मंडळाच्या हॉलमध्ये झालेले ते हळदीकुंकू प्रचाराचे होते. वॉर्डाच्या पोटनिवडणुकीला उभ्या राहिलेल्या मृणालिनीताई कायदा शिकवत, आणि त्यांचा सारा प्रचार एकाच मुद्द्यावर उभा होता: मूल ठेवायचे की नाही हे बाईने ठरवायचे, सज्ञान बाईची एकटीची सही कायद्याला पुरते. वॉर्डातल्या प्रसूतिगृहाला मात्र ती पुरत नसे. गर्भपातासाठी आलेल्या बाईला खिडकीतून ठरलेले उत्तर मिळे, "घरी विचारून या. मिस्टरांची सही आणा." कायदा होऊन अर्धशतक उलटले होते, दिल्लीहून त्या खिडकीपर्यंत पोचायला त्याला तेवढा अवधी अपुरा पडला होता.

आचारसंहितेमुळे वाण नव्हते, तिळाची एकेक वडी होती. बायका वडी चघळत गप्प. तेव्हा ताईंच्या वतीने कुंकू लावत फिरणाऱ्या सुनेत्राने करंडा खाली ठेवला आणि स्वतःचेच सांगितले. धाकटा शाळेत जाऊ लागला त्या वर्षीचे. नवऱ्याची, हेरंबची सही तिनेच ठोकली होती, आणि त्याला त्याचा आजतागायत पत्ता नव्हता. मग एकीला कंठ फुटला, मग दुसरीला.

"मी दोनदा परत आले, काकू," सतरा नंबरची दीपिका म्हणाली. "तिसऱ्या खेपेला भावालाच नवरा करून नेलं. मेला लाजून अर्धा झाला!"

हॉल हसून हसून लोटपोट झाला. आलेल्यांची नावे आणि खोल्यांचे नंबर सुनेत्राने आधीच उतरवून घेतले होते. आता जी बोले, तिच्या नावापुढे तिने लाल शाईची खूण करायला सुरुवात केली. कोणी सांगितले नव्हते. वर रेघ मारून मथळाही दिला: 'गर्भपात झालेल्या'. पहिली खूण, प्रामाणिकपणे, स्वतःच्या नावापुढे.

निघताना दोन्ही हात करंडा-अत्तरदाणीत गुंतलेले. वही मंडळाच्या हॉलमध्ये टेबलावर राहिली. हॉलची किल्ली कार्यवाह निलेशकडे असे. निलेश समोरच्या उमेदवाराचा उजवा हात होता.

सकाळी त्याचा फोन आला.

"काकू, तुमची वही राहिली बघा इथं. अक्षर काय मोत्यासारखं हो!"

सुनेत्राने घाईने विचारले, "पाठवून देतोस का रे?"

"देतो ना. आपल्याच आयाबहिणी आहेत, त्यांची इज्जत नको राखायला? फक्त ताईंना सांगा, उद्याच्या सभेत पाण्यावर बोला, पार्किंगवर बोला. सहीचा विषय कशाला? उगाच नावं चव्हाट्यावर येतात." मग थांबून, "हेरंबकाकांना भेटून बरेच दिवस झाले. सभेला घेऊनच येतो त्यांना."

अब्रू राखायची तर आधी ती ताब्यात घ्यावी लागते, हे राज्यशास्त्र निलेशने कुठल्या ग्रंथात वाचले नव्हते. त्याला त्याची गरजही नव्हती.

दुपारी वही आली. यंत्रावर उपडी दाबून प्रत्येक पानाची झेरॉक्स काढल्यासारखा तिचा कणा मोडला होता.

"खोली नंबरसकट?" सगळे ऐकून मृणालिनीताईंनी विचारले.

"हो," सुनेत्रा म्हणाली. "पोलिसांत जाऊ या का?"

"तक्रारीला पुरावा म्हणून वहीच जोडावी लागेल, सुनेत्राताई."

सुनेत्राने वही परत पिशवीत घातली.

दुसऱ्या संध्याकाळी मैदान भरले. तिसऱ्या रांगेत हेरंब बसला होता, शेजारी निलेश, आणि निलेशच्या मांडीवर खाकी पाकीट. त्यांच्या मागे दीपिकाचे सासरे. सुनेत्रा मंचाच्या कडेला उभी होती. ती एकेक चेहरा ओळखत होती, आणि प्रत्येक चेहऱ्यापुढे तिला लाल खूण दिसत होती.

मृणालिनीताई पाण्याच्या दाबावर बोलल्या. मग टॉवरवाल्यांच्या पार्किंगवर. टाळ्या पडल्या. त्या नमस्कार करणार, तोच बायकांतून दीपिका उठली.

"ताई, सहीचं राहिलं की! आम्ही तर त्यासाठीच आलोय."

बायका हसल्या. निलेशचा अंगठा पाकिटाच्या घडीखाली गेला. दीपिकाला यातले काहीच ठाऊक नव्हते; कमरेवर हात ठेवून ती उत्तराची वाट पाहत होती. मृणालिनीताईंनी सुनेत्राकडे पाहिले. सुनेत्राने मान हलवली. नको.

ताईंनी माईक घट्ट धरला. "त्याचं... त्याचं नंतर पाहू. तुम्ही आधी घरी विचारून या."

वाक्य तोंडून निसटल्यावर त्यांचा चेहरा पांढरा पडला. दीपिकाच्या चेहऱ्यावरचे हसू जागीच विझले.  खिडकीवरून तिसऱ्यांदा परतवलेल्या बाईसारखी ती हळूच खाली बसली.

पहिली टाळी निलेशने वाजवली. त्याचे पाहून हेरंबनेही वाजवली, आणि वाकून त्याच्या कानात म्हणाला, "बाई बोलते छान, नाही?"

"छानच," निलेश म्हणाला. पाकीट त्याने फाडले नाही, परतही केले नाही. नीट घडी घालून खिशात ठेवले. मतदानाला अजून नऊ दिवस होते.