देवाजीच्या गोठ्यातली गाडी

उमाजी आणि मी एका वयाचे, पण आमच्यात कधी फार गोडी नव्हती. कारण साधं होतं. आमच्या गावच्या शंकरपटात, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीत, पहिला मान त्याच्या घराचा आणि दुसरा आमच्या घराचा. दुसऱ्या मानाच्या घरात जन्मलेल्या माणसाला पहिल्याविषयी उमाळा यावा, अशी अपेक्षा कुणी करू नये. तरीसुद्धा त्या वर्षी उमाजीनं जे केलं, ते उभ्या चांदा जिल्ह्यात दुसऱ्या कुणी केलेलं मी पाहिलं नाही, आणि हे सांगताना माझी जीभ अडखळत नाही.

आमचं गाव मूल या गावाच्या पुढं, तलावाच्या पाळीखाली, म्हणजे बांधाच्या पायथ्याशी. धानाचं चुरणं, म्हणजे मळणी, आटोपली की पौषात पट भरायचा. बैलांनी धावायची सरळ, लांब वाट, तिला आम्ही दाण म्हणतो. पहिली धाव उमाजीच्या बापाच्या, देवाजीच्या घरची, मग आमची, मग बाकी पंचक्रोशीच्या जोड्या. आणि रीत अशी, की देवाजीची जोडी दाणीच्या टोकाला आमच्या घरानं झेलायची आणि आमची जोडी त्यांच्या घरानं. धावत्या बैलांच्या बाजूनं पळायचं, जू धरायचं, जोडी थांबली की सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असं ओरडायचं, "झेलली!" ही हाक उठली तर धाव झाली. नाही उठली तर जोडी वाऱ्यासारखी आली असली तरी ती धाव नव्हे. धुरकऱ्यानं, म्हणजे जोडी हाकणाऱ्यानं, फक्त पळवायचं. थांबवायचं काम समोरच्याचं.

मानाच्या घरानं एक वर्ष धाव चुकवली की मान गेला, आणि तो परत यायचा नाही. दुसऱ्याकडून मागून आणलेली जोडीही चालायची नाही. जे धावायचं ते घरच्या गोठ्यातून निघालेलं पाहिजे.

पंचावन्नच्या पावसाळ्यात गुरांवर बुळकांडीची साथ आली. गावातले कितीतरी गोठे तिनं रिकामे केले. देवाजीची जोडी गेली, तिच्यामागं उभी राहत असलेली गोऱ्ह्यांची जोडीही गेली. म्हाताऱ्यानं त्यांना तलावाच्या कडेला स्वतः पुरलं, हात धुतले, आणि त्या दिवसापासून बैलाला हात लावला नाही. वाटेत कुणाचा बैल हुंगायला आला तर हा हात पाठीमागं घ्यायचा. ज्या माणसाच्या नुसत्या चुचकारण्यावर मारका बैल मान खाली घालायचा, तो माणूस अंगणात भिंतीकडं तोंड करून बसू लागला. ते पाहून मलासुद्धा वाईट वाटलं. मी दुसऱ्या मानाचा असलो तरी दगड नव्हतो.

आमची जोडी वाचली होती. माझा थोरला भाऊ रामाजी, त्याच्या मनात काय चाललं होतं ते त्यानं बोलून दाखवलं नाही. पण आमच्या बैलांना सरकी वाढली, हे मला दिसत होतं. पहिला मान चालून घरी येत होता. नको म्हणायला आम्ही काय साधू होतो?

उमाजी तेव्हा आलापल्लीला एका लाकडाच्या ठेकेदाराच्या लॉऱ्या दुरुस्त करायचा. दसऱ्यानंतर तो घरी आला तो कुणाच्या तरी गाडीत भंगार भरून. लढाईच्या दिवसांतली मिलिटरीची एक फटफटी होती, तिचं इंजिन, साखळी आणि चाकं, शिवाय दुसऱ्या कुठल्या तरी फटफटीची आणखी दोन चाकं. सगळं त्यानं रिकाम्या गोठ्यात उतरवलं. बायकोला, कुंताला, त्यानं सांगितलं, "औंदा आपल्या घरून हेच धावन." कुंतानं ते विहिरीवर सांगितलं आणि दुपारपर्यंत साऱ्या गावाला पोट धरून हसायला विषय मिळाला.

मीही हसायलाच गेलो होतो. विस्तव मागायचं निमित्त. पण जाऊन पाहतो तर उमाजीनं बापाचा पटाचा छकडा सोडून त्याच्या सागाच्या दांड्यांचा सांगाडा मांडला होता. सांध्यांना लोखंडी पट्ट्या ठोकल्या होत्या. लोहाराचा भाता त्यानं स्वतःच बांधला होता. अंगाला चढवायला घासलेटचे डबे कापून, ठोकून सपाट केले होते, आणि ते असे सपाट की आमच्या घरच्या परातीला तेवढा सपाटपणा नव्हता. मी विस्तव विसरून घरी आलो. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो.

पहिल्यांदा त्यानं इंजिन पुढं बसवलं, लॉरीचं असतं तसं. तलावाच्या पाळीखाली नेऊन गाडी सुरू केली, तर पुढची चाकं मातीत रुतली आणि मागची जागच्या जागी भिरभिरत राहिली. मग त्यानं इंजिन काढून पार शेपटाला लावलं. आता गाडीनं तोंड वर केलं आणि ती वळायचं नावच घेईना. उमाजीनं चक्र डावीकडं फिरवावं आणि तिनं सरळ बेशरमाच्या झाडोऱ्यात जावं. पोरीबाळी हसल्या. मी मोठ्यानं हसलो, कारण मला ते आवडायला लागलं होतं आणि तसं दिसू द्यायचं नव्हतं.

उमाजी गाडी ढकलत अंगणात आला आणि मटकन खाली बसला. देवाजी भिंतीकडं तोंड करूनच होता. कितीतरी दिवसांनी म्हातारा बोलला.

"गाडी भरतानी वझं कुठी टाकतेत?"

"काय म्हणून राह्यला, बा?"

"धानाचे पोते. पुढं टाकले तं काय होते?"

"बैलाच्या मानेवर दाब येते."

"अन् मांगं टाकले तं?"

"उलार होते. जू वर उचलते."

"मंग?" म्हातारा म्हणाला. "हे तुले ठाऊक हाये, तुह्या इंजिनाले सांगतलं नाई काऊन?"

उमाजी उठला. इंजिन त्यानं मधोमध घेतलं, आपल्या पाठीमागं आणि मागच्या आसाच्या पुढं. बसायची जागा पुढं सरकवली, इतकी की त्याचे पाय पुढच्या आसाला टेकत. अशी गाडी तोवर मी कुठं पाहिली नव्हती. चांद्याच्या सायबांच्या मोटारीतही इंजिन पुढंच असायचं. पण त्या दिवशी पाळीखालून ती जी सुटली, ती वळणाला अशी वळली जशी पाण्यात मासोळी. पाळीचा चढ चढता चढता तिचा दम संपला आणि ती आपोआप थांबली. मी टाळी वाजवली. दोन्ही हातांनी, सगळ्यांसमोर. घरी गेल्यावर रामाजीनं मला विचारलं, "कोणाच्या घरचा हायेस तू?"

पटाच्या आदल्या दिवशी पंच बसले. पंचांत वडील होते मुखरूबाबा, झेंडी पाडायचा मान त्यांचा. रामाजीनं सरळ हरकत घेतली. "इंजिनाले पटाचा मान दिला तं उद्या धानाच्या गिरणीलेबी द्या. पट बैलाचा हाये."

उमाजी हात जोडून उभा होता. "बाबा, माह्या बानं जे पळवलं ते घरचं पळवलं. हेबी घरचं हाये. बैल जिथी बांधत होतो तिथीच उभं केलं, त्याच दावणीत. एवढी एक धाव द्या. माह्या बाचा मान त्याच्या डोळ्यादेखत जाऊ देऊ नोका."

मुखरूबाबांनी चिलीम खाली ठेवली. मग म्हणाले, "गोठ्यातून निघालं, ते घरचं. धावू द्या. पण बाकी रीत सारी तेच. झेललं तं धाव, नाई तं नाई."

मग रामाजीनं विचारलं, "अन् हे थांबते कशी?"

उमाजीनं त्याच्याकडं नवलानं पाहिलं. "थांबवाचं तं तुमच्याकडं हाये, भाऊ."

"ब्रेक नाई लावला?"

"लॉरीले लागते ब्रेक. तिले कुठंबी थांबा लागते. पटाच्या गाडीत थांबाचं सामान म्हणजे फुकटचं वझं. समोर बानं देल्लं ते जू लावलं हाये, तुमाले धराले."

आणि गंमत पाहा, तिथं बसलेल्या एकालाही यात काही वावगं वाटलं नाही. मुखरूबाबांनीसुद्धा मान डोलावली. आम्ही सगळे पटातली माणसं. ज्या माणसानं जन्मभर फक्त पळवायचं काम पाहिलं, तो हुशार झाला म्हणून काय झालं, थांबायचं त्याच्या डोक्यात कुठून येणार? लॉऱ्यांचे ब्रेक दुरुस्त करणाऱ्या माणसानं आपल्या गाडीला ब्रेक लावला नव्हता, पण झेलणाऱ्यासाठी जू मात्र लावलं होतं.

घरी येताना पहिल्यांदा माझ्या मनात प्रश्न आला. बैल माणसं दिसली की आवरतो. इंजिन कुणाला पाहून आवरणार? आणि दाणीच्या टोकाला पाळीचा चढ नव्हता. तिथं माणसं होती, दुकानं होती, बाहेरगावचे बैल बांधलेले होते.

रामाजी दारातच म्हणाला, "मी बैल झेलतो. लोखंड नाई झेलत."

याच्यावर कुणाला काही म्हणता आलं नसतं. कुणी त्याला दोष दिला नसता. तो नुसता बाजूला उभा राहिला असता तरी पहिला मान दुसऱ्या दिवशी आमच्या घरी होता.

सकाळी मी मैदानात गेलो तर आमचे गडी दाणीच्या टोकाला तणसाची, म्हणजे धानाच्या पेंढ्याची, गाडी रिकामी करत होते. तिच्या मागं दुसरी उभी होती. मी रामाजीला विचारलं, "एवढं तणीस कशाले?"

"बैलाले बसाले," तो म्हणाला. दोन बैलांना बसायला घराएवढी रास लागते, हे मला त्या दिवशी कळलं. मी वाद घातला नाही. बाहेरगावचे बैल आणि दुकानंही त्यानं "धूळ लय उडते" म्हणून पार बाजूला लावायला लावली होती.

दुसऱ्या टोकाला उमाजीची गाडी आली. कुंतानं तिला कुंकू लावलं होतं आणि जुवाला मेलेल्या बैलांची घुंगरमाळ बांधली होती. देवाजी येणार नाही म्हणाला होता. पण गाडी गोठ्यातून निघाली तेव्हा म्हातारा उठला आणि तिच्या मागं चालत आला, असं मला नंतर कळलं. आता तो दाणीच्या कडेला काठी धरून उभा होता.

मुखरूबाबांनी झेंडी पाडली.

आधी आवाज आला. मग धूळ, आणि धुळीच्या पुढं घासलेटच्या डब्यांचा एक चकचकीत तुकडा. उमाजी त्यात जवळजवळ आडवा झाला होता. दाणीत सरावाला पळवलेल्या बैलांच्या खुरांचे खड्डे होते, त्यांवरून गाडी उडायची, पडायची, पण वाकडी होत नव्हती. वझं मधात होतं ना! मला त्याक्षणी देवाजीच्या धानाच्या पोत्यांची आठवण झाली आणि मी वेड्यासारखा ओरडलो, "आण रे, उमाजी!" माझ्या आयुष्यात मी पहिल्या मानाच्या घरासाठी ओरडलो तो तेव्हाच. असं सुंदर काही मी पाहिलं नव्हतं, आणि ते आमच्याच गावातल्या गोठ्यात तयार झालं होतं.

रेघ ओलांडताच उमाजीनं इंजिन बंद केलं. आवाज थांबला, गाडी थांबली नाही. आता फक्त घुंगरं ऐकू येत होती. उमाजीचं तोंड मला दिसलं. थांबणं म्हणजे काय ते त्याला त्या घटकेला कळलं होतं. माणसं पांगली. गडी मागं सरले. मीही सरलो, खोटं कशाला सांगू.

रामाजी सरला नाही. त्यानं धोतराचा काचा आवळला, गाडीच्या बाजूनं पळायला लागला, जसा बैलांच्या बाजूनं पळायचा तसा, आणि दोन्ही हातांनी जू धरलं. गाडीनं त्याला ओढलं, पाडलं, फरफटवलं. त्यानं सोडलं नाही. आपल्या अंगाच्या भारानं त्यानं तिचं तोंड तणसाकडं फिरवलं आणि गाडी, उमाजी, रामाजी सगळे त्या राशीत घुसले. वर नुसतं तणीस उडालं.

कुंता तोंडावर पदर धरून उभी होती. मग राशीतून आधी माझ्या भावाचं डोकं वर आलं. कपाळ फुटलेलं, धोतर फाटलेलं, एक हात अजून जुवावर. त्यानं देवाजी उभा होता त्या बाजूला तोंड केलं आणि जेवढा दम उरला होता तेवढा लावून ओरडला,

"झेलली!"

सारं मैदान उसळलं. मी तणीस उपसत त्याच्यापाशी गेलो आणि रागानंच म्हणालो, "घरी आलेला मान घालवला, भाऊ. काऊन?"

"त्याचा गोठा खाली झाला म्हणून मले मान पाहिजे काय बे?" रामाजी म्हणाला. "आपली जोडी जुप. आपली पाळी हाये."

आमची धाव व्हायची होती आणि रीतीप्रमाणं ती देवाजीच्या घरानं झेलायची होती. छकड्यावर मी चढलो, कारण रामाजीला उभं राहवत नव्हतं. झेंडी पडली, बैल सुटले. टोकाला उमाजी उभा होता, लंगडत, केसांत तणीस. आमची जोडी रेघेवर आली तेव्हा त्याला मागं सारून कुणीतरी पुढं झालं. देवाजी होता. काठी त्यानं टाकून दिली होती. म्हातारा बैलांच्या बाजूनं पळाला नाही, त्याला पळता येत नव्हतं. तो सरळ त्यांच्या वाटेत उभा राहिला, दोन्ही हात पसरून, आणि त्यानं बैलांना चुचकारलं.

बैल थांबले. देवाजीनं डावीकडच्या बैलाच्या कपाळावर हात ठेवला, आणि बराच वेळ तो तिथंच राहू दिला. ओरडायचं तो विसरला. मुखरूबाबा लांबून झेंडी हलवून विचारत होते, झेलली का, झेलली का. मीच छकड्यावरून उतरलो आणि त्याच्या वतीनं ओरडलो.