गोजराबाईंची सही

गोजराबाईंना रेशनकार्डावरून नाव कमी करून हवं होतं. दुसऱ्या कुणाचं नाही, स्वतःचंच.

कोपरखैरण्याच्या समाजमंदिराला लागून असलेल्या खोलीत बुधवारी आणि शनिवारी दुपारी मोफत कायदा मदत केंद्र चालायचं. नाव भारदस्त होतं. आत एक टेबल, चार खुर्च्या, भिंतीवर पंखा आणि टेबलामागे संघप्रिया. ती वकील नव्हती. सकाळी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करायची आणि विधी स्वयंसेवकाचं प्रशिक्षण घेतल्यापासून दुपारची इथे बसायची. लोकांचे अर्ज लिहून द्यायचे, कुठल्या कार्यालयात काय मागायचं ते सांगायचं, प्रकरण हाताबाहेरचं असेल तर वकिलाकडे पाठवायचं. प्रशिक्षणात एक गोष्ट पुन्हापुन्हा बजावली होती. माहिती द्या, निर्णय देऊ नका.

नाव का कमी करायचं, असं तिनं विचारलं, कारण अर्जात तो रकाना भरावाच लागतो.

"घर सोडायचंय," गोजराबाई म्हणाल्या. "भावाचं हाय. आज माझी सही हाय कागदावर."

मग तुकड्यातुकड्यानं सगळं बाहेर आलं. वडील साताऱ्याकडून आलेले, तुर्भ्याच्या बाजारात माथाडी. त्यांच्या नावावर इथलं बैठं घर. गोजराबाईंना नवऱ्यानं टाकलं तेव्हा त्या तान्ह्या उत्कर्षाला घेऊन इथे आल्या आणि इथल्याच झाल्या. ओझी वाहून वडिलांची पाठ गेली, ते अंथरुणाला खिळले, तेव्हापासून शेवटपर्यंत त्यांचं सगळं गोजराबाईंनीच केलं. आई आधीच गेलेली. धाकटा भाऊ सुभाष तळोज्याच्या कंपनीत सुपरवायझर, तिकडेच भाड्यानं राहणारा. आता त्याच्या मुलाचं लग्न जमत आलं होतं आणि मुलीकडच्यांनी एकच विचारलं होतं, नवी मुंबईत स्वतःचं घर आहे का.

"लग्न झालं की गावाकडं जाऊन ऱ्हा म्हनतोय. गावचं घर रिकामंच हाय."

"आणि उत्कर्षा?"

गोजराबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. उत्कर्षा नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. गावाहून कुठलं कॉलेज करणार. होस्टेल परवडणारं नव्हतं. "बघू," त्या म्हणाल्या आणि रेशनकार्ड पुढे सरकवलं.

संघप्रियानं ते उचललं नाही. वडिलांनी मृत्युपत्र केलं होतं का, हे विचारलं. नव्हतं. घर अजून वडिलांच्याच नावावर होतं का? होतं. याआधी कुठल्या कागदावर सही केली होती का?

"सही आज. पर सोडलं तर कवाच. वर्षश्राद्धाला सुभाषनं साडी नेसवली. समदी भावकी बसली हुती. म्या साडी कपाळाला लावली. लेकीनं साडी घेतली, वाटा सोडला. आता काय ऱ्हायलं?"

म्हणून बाई घर वाचवायला आलीच नव्हती. तिच्या लेखी ते त्याच दिवशी गेलं होतं, आजची सही म्हणजे नुसता सरकारी सोपस्कार. अशा किती बायका घरांतून नुसत्या साडीवर उठून गेल्या असतील, असं संघप्रियाच्या मनात आलं. ते बाजूला ठेवून ती शक्य तितक्या सपाट आवाजात बोलू लागली. लॅबमध्ये पेशंटला रिपोर्ट देताना ती असंच बोलायची. चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही.

साडीला कायद्यात काही अर्थ नाही, हे तिनं सांगितलं. मृत्युपत्र नाही म्हणजे घरात मुलाचा जेवढा हिस्सा तेवढाच मुलीचा. अर्धं घर आज, या क्षणीही, गोजराबाईंचं आहे. ते सुटतं फक्त हक्कसोडपत्रानं, आणि तेही निबंधक कार्यालयात नोंदवल्यावर. तिथे शेवटच्या पानावर सही आणि अंगठा घेण्याआधी अधिकारी विचारतात की हे मान्य आहे का.

"मावशी, त्या वेळी तुम्ही हो म्हणालात तर अर्धं घर गेलं, मग ते परत मिळवणं फार अवघड. नाही म्हणालात तर कुणीही जबरदस्ती करू शकत नाही. काय म्हणायचं ते तुमचं तुम्ही ठरवायचं. मी सांगणार नाही."

गोजराबाईंनी टेबलावरचं रेशनकार्ड उलटं करून ठेवलं. मग म्हणाल्या, "न्हाई म्हनले तर म्हायेर तुटतंय. भाऊ येकच हाय मला."

याचं काय करायचं ते कुठल्या प्रशिक्षणात शिकवलेलं नव्हतं.

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. सुभाष दारात आला तो हसतच. गोल चेहऱ्याचा, नीट इस्त्री केलेल्या शर्टातला माणूस. आक्काला घरी शोधलं, शेजारणीनं इकडे पाठवलं, असं म्हणाला. मग त्यानं भिंतीवरचा केंद्राचा फलक वाचला आणि हसू जरा आखडलं.

"हे काय आक्का, वकील केलास व्हय माझ्यावर?"

गोजराबाई लगबगीनं उठल्या, रेशनकार्डाच्या कामाला आले होते म्हणाल्या. सुभाषनं संघप्रियाकडे पाहिलं. "काय सांगितलं म्याडम हिला?"

"त्यांनी विचारलं तेवढं. साडीनं हक्क सुटत नाही, सहीनं सुटतो."

"बरोबर हाय. म्हणून तर सही करायला चाललोय." तो पुन्हा हसला. "तुम्हाला भाऊ न्हाईत का हो?"

"दोन आहेत."

"मग कळंल तुम्हाला."

त्याच्या आवाजात धमकी नव्हती. तो मनापासून बोलत होता, आणि संघप्रियाला तेच जास्त जड गेलं. गोजराबाई उंबऱ्यापर्यंत गेल्या, थांबल्या आणि मागे वळून म्हणाल्या, "ही येऊ दे माझ्यासंगं. मला लिवल्यालं वाचाय येत न्हाई नीट."

सुभाषला नाही म्हणता येईना. संघप्रियानं खोलीला कुलूप लावलं.

गाडीत सुभाषनं सांगितलं की नवरी मुलगी बँकेत आहे, घरचे चांगले आहेत, असं स्थळ पुन्हा येणार नाही. गोजराबाई "हां" म्हणाल्या. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा त्यानं मागे न बघता विचारलं, "आक्का, जेवलीस का?" त्यावरही त्या "हां" म्हणाल्या. त्या जेवल्या नव्हत्या. मागच्या सीटवर शेजारी बसलेल्या संघप्रियाला त्यांच्या पोटातला आवाज ऐकू येत होता.

निबंधक कार्यालयाच्या बाहेरच्या व्हरांड्यात सुभाषनं ठरवलेला एजंट फाइल घेऊन उभाच होता. साक्षीला भावकीतले भगवान काका आणि सुभाषचा एक मित्र. नंबर यायला वेळ होता, तोवर एजंटनं पानांवरच्या सह्या उरकायला घेतल्या. प्रत्येक पानाच्या खाली, इथे, इथे, पुढे. संघप्रियानं विचारलं की त्यांना मजकूर वाचून दाखवला का. एजंट म्हणाला, छापील मसुदा आहे मॅडम, सगळीकडे हाच असतो. मग तिनंच वाचून दाखवला. हळू, एकेक वाक्य. "माझा सदर मिळकतीतील संपूर्ण हक्क, हिस्सा व हितसंबंध मी कायमचा सोडून देत आहे, आणि यापुढे माझा किंवा माझ्या वारसांचा त्यावर कोणताही अधिकार राहणार नाही." वारस म्हणजे उत्कर्षा, एवढं तिनं जोडलं. त्याहून एक शब्द जास्त बोलली नाही.

भगवान काकांनी घसा खाकरला. "अगं पोरी, ह्यात काय नवीन हाय. आमच्या बहिणींनी पन सोडलं. कुनी मेलं न्हाई."

गोजराबाईंनी पेन घेतलं. पहिल्या पानावर सही केली, दुसऱ्यावर केली. त्यांची सही म्हणजे सुटंसुटं अक्षर, प्रत्येक अक्षर वेगळ्या उंचीचं, आणि ती पूर्ण होईपर्यंत सगळ्यांच्या नजरा पेनवर होत्या. बाकावर बसलेल्या संघप्रियाचे हात मांडीखाली दाबलेले होते. तोंड उघडलं तर ती काय बोलेल याचा तिला भरवसा नव्हता. करू नका मावशी, एवढंच ओठांवर होतं. पण ती बोलली असती तर तो निर्णय कुणाचा ठरला असता? आज हिनं आपलं ऐकलं तर उद्या भावाचं ऐकेल, परवा भावकीचं. ती व्हरांड्यातल्या पाण्याच्या टाकीकडे बघत राहिली. तिसरं पान. चौथं. शेवटच्या पानावरची सही आत, फोटो काढताना करायची होती.

नंबर पुकारला.

आत अधिकारी बाई संगणकाच्या पडद्यामागे बसलेल्या होत्या, चष्मा नाकावर ओढलेला. दिवसभर तेच तेच विचारून त्यांचा आवाज वापरून गुळगुळीत झालेल्या पायरीसारखा झाला होता. नाव विचारलं, आधार पाहिलं, साक्षीदारांना उभं केलं. मग मान वर न करता म्हणाल्या, "दस्त वाचला? मजकूर मान्य आहे? कुणाचा दबाव नाही ना?"

"नाही मॅडम," सुभाष म्हणाला.

"तुम्हाला नाही विचारलं."

गोजराबाई उभ्या होत्या. कॅमेरा त्यांच्या चेहऱ्याकडे वळवलेला, अंगठ्याचं यंत्र हातासमोर. मागच्या रांगेतल्या कुणीतरी घड्याळ पाहिलं. सुभाष हलक्या आवाजात म्हणाला, "आक्का, हो म्हण ना." त्याच्या कपाळावर घाम आला होता.

"बाईसाहेब," गोजराबाई म्हणाल्या, "म्या साडी घेतलीया ह्याची. वर्षश्राद्धाला. घेतली म्हंजे सोडलं का घर?"

अधिकारी बाईंनी आता मान वर केली. चष्म्यावरून आधी गोजराबाईंकडे, मग सुभाषकडे पाहिलं.

"साडीची नोंद आम्ही घेत नाही, मावशी. तुम्ही मान्य आहे म्हणाल तर सुटेल. नाहीतर नाही."

संघप्रियानं दुपारी हेच सांगितलं होतं. पण ती टेबलामागची एक मुलगी होती, आणि ही खुर्ची सरकारची होती. गोजराबाईंना ते बहुधा त्या खुर्चीतून ऐकायचं होतं.

"मग न्हाई मान्य," त्या म्हणाल्या.

क्षणभर कुणाला कळलंच नाही. एजंट पुढे झाला, मॅडम जरा गैरसमज झालाय, आम्ही बाहेर समजावून आणतो, म्हणू लागला. अधिकारी बाईंनी फाइल मिटून त्याच्या हातात दिली. "समजावून आणायचं नसतं. पुढचा नंबर."

बाहेर आल्यावर सुभाष ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो भिंतीला टेकून उभा राहिला. त्यानं विचारलं, एवढ्या माणसांत मान खाली घालायला लावायची होती तर आलीस कशाला. वडील असते तर हे बघून काय वाटलं असतं त्यांना. मग तो म्हणाला, "आजपास्नं तुला म्हायेर न्हाई," आणि भगवान काकांना घेऊन गाडीकडे चालू लागला.

गाडी फाटकातून बाहेर पडली तशा गोजराबाई मटकन पायरीवर बसल्या. संघप्रियानं बाटलीतलं पाणी दिलं. दोन घोट घेतल्यावर त्या एकदम ताठ झाल्या.

"त्याच्याकडं किल्ली हाय."

"घराची?"

"दुसरी किल्ली. उत्कर्षा एकटीच हाय घरात."

फोन संघप्रियानं लावून दिला. गोजराबाईंनी एवढंच सांगितलं, आतून कडी लाव, मी येईपर्यंत कुणालाबी उघडू नको, मामालाबी न्हाई. मग दोघी रिक्षात बसल्या. वाटेत संघप्रियानं सांगून ठेवलं की त्याला त्यांना घराबाहेर काढता येणार नाही, तसं काही झालं तर पोलीस ठाण्यात काय सांगायचं, आणि उद्याच वारस म्हणून दोघांचीही नावं लावण्याचा अर्ज करायचा. गोजराबाई ऐकत होत्या की नाही कळत नव्हतं. रिक्षावाल्याला त्या दर वळणावर अजून जोरात चालव म्हणत होत्या.

गल्लीच्या तोंडाशी गाडी उभी होती. भगवान काका दिसत नव्हते. सुभाष घराच्या पायरीवर बसला होता, किल्ली हातात. कुलूप नव्हतंच, दार आतून बंद होतं. शेजारच्या दोन बायका आपापल्या दारात तांदूळ निवडत असल्यासारख्या उभ्या होत्या. आक्काला बघून तो उठला नाही.

"पोरीनं दार न्हाई उघडलं," तो म्हणाला. "मामा मामा म्हणती, आन उघडत न्हाई."

"म्याच सांगितलं."

"काय करणार हुतो मी? तुझं सामान बाहेर टाकणार हुतो?"

"म्हाईत न्हाई," गोजराबाई म्हणाल्या. "तू सांग. टाकणार हुतास का?"

त्यानं किल्ली एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. चेहरा हळूहळू लहान मुलासारखा होत गेला, आणि संघप्रियाला पहिल्यांदाच दिसलं की तोही दिवसभर घाबरलेला होता.

"मुलीकडच्यांना काय सांगू, आक्का? घर हाय म्हणून सांगून बसलोय मी तिथं."

गोजराबाई त्याच्या शेजारी पायरीवर बसल्या. संघप्रिया दोन पावलं मागे, गल्लीतच उभी राहिली.

"हाय म्हणून सांग की. खोटं कुठं हाय? घर हाय, आन त्यात आत्या हाय, आन आत्याची पोरगी हाय. वर माळा चढव, पोराचा संसार तिथं मांड. माझी ना न्हाई."

"त्यांना न्हाई चालायचं."

"न चालंना का. मग त्या पोरीला तरी आदीच कळंल, कसल्या घरात यायचंय त्ये."

दाराच्या आतून उत्कर्षाचा आवाज आला, आई, उघडू का. गोजराबाईंनी मागे हात नेऊन दारावर तळवा ठेवला, थांब म्हटल्यासारखा.

"आदी फोन लाव," त्या भावाला म्हणाल्या. "माझ्यासमोर सांग त्यांना. मग कडी काढायला सांगते. चहा टाकायलाबी सांगते."

त्यानं खिशातून फोन काढला. नंबर शोधला, आणि त्यावर अंगठा धरून तो तसाच बसून राहिला. गोजराबाईंचा हात दारावरच होता.