तुमचं पटलं

वजनकाटे दुरुस्त करणाऱ्या त्या म्हाताऱ्याला अख्खी गल्ली काटेवाले म्हणायची, आणि वादात त्यांच्या नादी कुणी लागायचं नाही. किराणावाला, न्हावी, समोरचा औषधवाला, सगळ्यांनी एकेकदा हात पोळून घेतले होते. विषय कुठलाही असो, काटेवाले शांतपणे ऐकून घ्यायचे, चष्मा कपाळावर सरकवायचे आणि विचारायचे, "पुरावा?" समोरचा जरा अडखळला की दोन वाक्यांत त्याचा निकाल लावायचे, आणि वर म्हणायचे, "पटलं का?" त्या 'पटलं का'नं लोकांचं डोकं फिरायचं. पटलेलं असायचं, म्हणूनच फिरायचं.

एकाच माणसाला त्यांचं कधी पटलं नाही. त्यांच्या बायकोला.

खाली दुकान, वर दोन खोल्या. रोज सकाळी ती खिडकीजवळच्या खुर्चीत बसून प्रार्थना म्हणायची, हळू आवाजात, शेजारी बसलेल्या माणसाशी बोलावं तशी. पातळ भिंतीच्या पलीकडे काटेवाले दाढी करायचे. मग दोघांचा चहा, आणि चहाबरोबर रोजची खडाजंगी.

"झालं का सांगून त्याला?" ते विचारायचे.

"झालं."

"काही बोलला का?"

"तुमची चौकशी करत होता. म्हणाला, आहेत का अजून तसेच?"

"पुरावा?"

"अहो, तुमच्याशी लग्न केलं तेव्हा कुठे पुरावा मागितला होता मी? मागितला असता तर अजून माहेरीच असते."

काटेवाल्यांना हसू यायचं, पण हसण्यावारी नेतील तर ते काटेवाले कसले! आकाशात कुणी बसलेला असेल तर तो असा का वागतो, तसा का वागत नाही, हे सगळं ते रीतसर मांडायचे. शेवटी ठरलेलं, "पटलं का?" आणि ती म्हणायची, "नाही पटलं." की कप उचलून आत. इतकी वर्षं हेच. दुसऱ्या घरात याच्यावरून भांडी आपटली असती. या दोघांचं न पटण्यावरच छान पटलेलं होतं.

मग मागच्या वर्षी लेकीचं बाळ गेलं.

लेक लांब दुसऱ्या गावी दिलेली. पहिलंच बाळ, मानसुद्धा धरली नव्हती त्यानं. आजारी पडलं, जरा सुधारलं, आणि गेलं. लेकीनं अन्नपाणी सोडलं. तेव्हा आई तिच्याकडे जाऊन राहिली, आणि एकच गोष्ट तिला पुन्हा पुन्हा सांगत राहिली, की बाळ देवाजवळ आहे, सुखात आहे. त्या एका वाक्याला धरून पोरगी उभी राहिली. जावई फोनवर म्हणाला, "आईंनी आमचं घर वाचवलं."

ती परत आली आणि दुसऱ्या दिवशी चहाला काटेवाल्यांच्या जिभेला हाड राहिलं नाही. नातवाचं दुःख त्यांनाही होतंच. पण ते रडणाऱ्यातले नव्हते. त्यांचं दुःख रागाच्या वाटेनं बाहेर यायचं.

"बाळ आजारी पडलं तेव्हा तू म्हणालीस, देव बरं करील," ते म्हणाले. "जरा बरं वाटलं तर म्हणालीस, देवाची कृपा. गेलं तर देवाची इच्छा. अगं, एखाद्या काट्यावर काहीही ठेवलं, पोतं ठेवलं, पीस ठेवलं, तरी सुई हलतच नाही. तर त्या काट्याला मी बरोबर म्हणू की बिघडलेला म्हणू? सांग ना."

आणि सवयीनं पुढे, "पटलं का?"

तिनं कप उचलले आणि ती आत गेली. त्या दिवशी 'नाही पटलं' म्हणाली नाही. काटेवाल्यांच्या ते लक्षातही आलं नाही. खाली गिऱ्हाईक हाका मारत होतं.

पुढे काही महिन्यांतच तिच्या पोटाचं दुखणं निघालं. डॉक्टरांनी तपासलं, पुन्हा तपासलं, आणि घरी न्या म्हणाले. घरी न्या याचा अर्थ कुणाला कळत नाही? लेकीला पुन्हा दिवस गेले होते, आणि पहिल्या वेळचं बघता तिला प्रवासाची सक्त मनाई होती. ती फोनवर रडायची, आणि आई इकडून तिला हसून दाखवायची. काटेवाल्यांनी पलंग खिडकीशी ओढला आणि दुकान अर्धा दिवस बंद ठेवायला सुरुवात केली.

एका सकाळी दाढी करता करता त्यांचा हात थांबला. भिंतीपलीकडे काहीच नव्हतं. ते पुटपुटणं नव्हतं. त्यांना वाटलं, अंगात त्राण नसेल बिचारीच्या. पण त्राण नाही म्हणावं तर थोड्याच वेळात तिनं पडल्या पडल्या त्यांना फैलावर घेतलं, की पातेली नीट घासत नाही तुम्ही, कडा सगळ्या तेलकट. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. शेवटी त्यांनी विचारलं.

"तुझी प्रार्थना ऐकू येत नाही हल्ली."

"सोडली."

"सोडली? का?"

ती छताकडे बघत होती. "तुमचं पटलं."

इतक्या वर्षांत ज्याची वाट पाहिली तो शब्द आला, आणि काटेवाल्यांना तो नकोसा झाला. ते उगाच हसले. "काय पटलं? थट्टा करतेस होय?"

"त्या सुईचं पटलं. तुम्ही म्हणालात आणि माझ्या डोक्यातून जाईचना. मग मी रोज करून बघितलं हो. रडून बघितलं, भांडून बघितलं, गप्प बसून बघितलं. नाही हलत सुई." तिनं तोंड त्यांच्याकडे वळवलं. "मग पोरीला मी काय सांगून आले? बाळ कुठे आहे मग? आणि मी कुठे चाललेय?"

काटेवाले उगाच तिचं पांघरूण सारखं करायला लागले.

"मला भीती वाटते," ती म्हणाली. असं ती कधीच कुणाला म्हणाली नव्हती.

त्या दिवसापासून त्यांनी दुकान उघडलंच नाही. जे आपण मोडलं ते आपणच जोडायचं, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं. हिनं भीत भीत मरू नये. बाकी जगात काही खरं असो, खोटं असो, त्यांना त्याचं काही पडलेलं नव्हतं. ते पलंगाशेजारी बसले आणि आयुष्यात पहिल्यांदा देवाच्या बाजूनं बोलायला लागले.

म्हणाले, "इतकी माणसं पिढ्यान् पिढ्या मानत आली. सगळीच काय वेडी होती?"

"गर्दी म्हणजे पुरावा नाही. तुम्हीच म्हणायचात."

म्हणाले, "बरं, मानायला काय जातं? असला तर फायदा, नसला तर तोटा तर नाही!"

"गिऱ्हाइकाला असं सांगाल का तुम्ही? काटा बरोबर असो की नसो, बरोबर मानून चाल, तुझ्या फायद्याचं आहे म्हणून?"

गिऱ्हाइकाला त्यांनी असं जन्मात सांगितलं नसतं. बाई गं, काय चोख शिकली होती ही! त्यांचा एकेक मुद्दा त्यांच्याच शब्दांत त्यांच्या पदरात परत येत होता. त्यांना एकदा हरायचं होतं, अगदी सपशेल हरायचं होतं, आणि हरता येत नव्हतं.

ते खाली जाऊन बंद दुकानात बसले. कपाटावरचा एक जुना दांडीचा तराजू काढून समोर ठेवला आणि बघत राहिले. बघता बघता त्यांना काहीतरी सुचलं. तराजू तसाच उचलून ते धापा टाकत वर आले.

"हे बघ. पारडी हलतात, दांडी हलते, सुई हलते. पण मधला हा पोलादी तुकडा बघ, ज्याच्यावर सगळं टेकलंय. हा हलतो का? हा हललाच नाही पाहिजे. हा हलत नाही म्हणून तर बाकीचं मोजता येतं. मी चुकलो गं. मी देवाला सुई समजलो. देव म्हणजे सुई नाहीच. देव म्हणजे हा."

ती बराच वेळ तराजूकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर जरा तजेला आला.

"किती छान सांगितलंत," ती म्हणाली. मग तिनं विचारलं, "तुम्हाला पटतंय हे?"

एक शब्द तर म्हणायचा होता. पण खोटं माप दाखवणारा काटा कधी दुकानाबाहेर जाऊ न दिलेला माणूस तो. 'हो' घशापर्यंत आलं आणि तिथे जरासं अडलं. अगदी जरासंच.

"हो," ते म्हणाले.

"राहू द्या," ती म्हणाली, आणि त्यांच्या हातावर हलकेच थोपटलं. समजूत कुणी कुणाची काढायची होती, आणि काढत कोण होतं!

नंतर तिचं बोलणं कमी होत गेलं, भीती मात्र कमी झाली नाही. डोळे मिटायला ती तयार नसायची. एका संध्याकाळी काटेवाल्यांना काहीच सुचेना, तेव्हा ते त्या खुर्चीत बसले आणि तिची प्रार्थना म्हणू लागले. सुरुवात येईल, पुढचं अडेल, असं त्यांना वाटलं होतं. पण अडलं नाही. दाढी करताना भिंतीतून इतकी वर्षं ऐकलेलं सगळं एका दमात बाहेर आलं, शब्दन् शब्द.

ती टक लावून बघत होती. "पाठ आहे की तुम्हाला."

"ऐकून ऐकून झालं असेल."

"माझंही तेच असेल," ती म्हणाली. "ऐकून ऐकून."

त्यांनी पुन्हा सुरुवातीपासून म्हणायला घेतलं. तिनं त्यांची बाही मुठीत धरली, आणि ती मूठ शेवटपर्यंत सैल झाली नाही. डोळे मोठे करून ती दाराकडे बघत होती, कुणीतरी येणार आहे आणि ते येऊ नये असं वाटावं, तशी. मग बघणं तसंच राहिलं आणि ती गेली. काटेवाल्यांनी एकेक बोट सोडवून बाही मोकळी केली. ते जे ढसाढसा रडायला हवे होते ते रडले नाहीत. त्यांना स्वतःचा इतका संताप आला होता, की रडायला जागाच नव्हती.

सगळं आटोपल्यावर, डॉक्टरांनी एकदाची परवानगी दिली तेव्हा, जावयानं लेकीला हळूहळू गाडी चालवत आणलं. पोट चांगलं दिसायला लागलं होतं. ती आईच्या पलंगावर बसली, खूप रडली, मग तोंड धुऊन आली आणि बापासमोर बसली.

"बाबा, एक विचारू? खरं सांगाल? आई शेवटी घाबरली होती का?"

काटेवाल्यांनी तिच्याकडे पाहिलं. तिचा एक हात पोटावर होता, आणि तो हात पोटाला नुसता टेकलेला नव्हता, त्यानं पोट घट्ट धरलं होतं.

"फोनवर ती नुसती हसायची," लेक म्हणाली. "मला कळेना, ते हसू खरं की माझ्यासाठी. बाळाबद्दल ती जे सांगायची त्याच्यावर मी उभी आहे, बाबा. तीच डगमगली असेल तर या खेपेला माझी छाती होणार नाही. तुम्ही मला कधी बरं वाटावं म्हणून काही सांगितलं नाहीत. लहानपणीसुद्धा नाही. म्हणून तुम्हालाच विचारते."

या वेळी शब्द घशात जरासुद्धा अडला नाही.

"नाही," ते म्हणाले. "घाबरायचं काय त्यात? शेवटपर्यंत प्रार्थना चालू होती खोलीत. बाळाकडे चाललेय म्हणाली. हसत गेली."

लेकीनं डोळे मिटले. तिच्या खांद्यांवरचं ओझं उतरलेलं त्यांना समोर दिसलं. मग ती पदरानं नाक पुसत म्हणाली, "दुसऱ्या कुणी सांगितलं असतं ना, तर मी म्हटलं असतं, समजूत काढतोय. पण तुम्ही तर देव मानत नाही, आणि खोटं बोलणं तुम्हाला येत नाही. तुम्हीच सांगताय म्हटल्यावर याहून मोठा पुरावा कुठला हवा?"

पोरगी त्यांचीच होती. मुद्दा पक्का मांडला होता तिनं. काटेवाल्यांनी सवयीनं त्यात भोक शोधलं, आणि त्यांना एकच सापडलं. ते तिला कधीही दाखवता येणार नव्हतं. इतके दिवस न आलेलं रडं आता आलं, आणि लेकीसमोर, लहान पोरासारखं आलं.

लेक घाबरली. बापाला तिनं असं कधी पाहिलं नव्हतं. मग तिला उलगडलं, निदान तिला तसं वाटलं. ती उठली, त्यांच्याजवळ बसली आणि त्यांच्या पाठीवरून हात फिरवू लागली.

"असू दे, बाबा," ती हळूच म्हणाली. "उशीर झाला म्हणून देव काही रागावत नाही."

काटेवाल्यांनी मान डोलावली.