आधी हळू, मग मोठ्याने

"हे ऐका जरा," म्हणत बाईंनी हेडफोन तिच्या हातात दिला आणि संगणकाचा पडदा तिच्याकडे वळवला.

शाळा सुटली होती. मुलांच्या बुटक्या खुर्चीत बसल्यामुळे तिचे गुडघे पार हनुवटीशी आले होते. हेडफोनही मुलांच्याच मापाचा. नीट बसेना, म्हणून तिने तो दोन्ही हातांनी कानांवर दाबून धरला. खिडकीबाहेर तिची लेक घसरगुंडीवर उलटी चढत होती. दुसरीत गेली तरी घरात तिला खऱ्या नावाने कोणी हाक मारत नसे. एका जागी दोन मिनिटं टिकत नाही म्हणून खारूताई, आणि घाईत नुसतीच खारू.

पडद्यावर पुस्तकाचं पान होतं. समुद्र, खडक, खडकावर उंच मनोरा. कोपऱ्यात लिहिलं होतं: वाचनाची पायरी चौदावी. कानात खारूचा आवाज सुरू झाला.

आधी नुसतीच कुजबुज. मग मोठ्याने, "वादळात." पुन्हा कुजबुज. मग, "सापडलेल्या." परत कुजबुज, आणि खणखणीत, "जहाजांना."

तिने हेडफोन काढला.

"ऐकलंत ना? प्रत्येक शब्द दोनदा," बाई म्हणाल्या. "आधी हळू, मग मोठ्याने. आजवर सगळे घरूनच वाचून पाठवत होते. या आठवड्यात पहिल्यांदा वर्गात वाचायला बसवलं, तेव्हा लक्षात आलं. घरची रेकॉर्डिंग मी कुठली ऐकतेय? बत्तीस पोरं आहेत. ऐकत बसले तर इथेच पथारी टाकावी लागेल मला. आता हिचं मात्र रोज ऐकणार आहे."

ती हसली. हसायला हवं होतं म्हणून.

"आणि अवघड शब्द आला की ठोकून देते काहीतरी, पण थाटात! 'दीपस्तंभ'चं 'दीपक' केलंय, जराही न अडखळता." बाईंनी टेबलावरून एक कागद पुढे सरकवला. "मला वाटतं, बोलण्याची काही अडचण असावी. घाबरू नका. बुधवारी त्यातल्या तज्ज्ञ ताई येतात शाळेत, त्यांना दाखवू. तुमची संमती लागेल तेवढी."

कागदावर तिसरा प्रश्न होता: घरी वाचतानाही असेच घडते का? पुढे दोन चौकोन, हो आणि नाही.

"घरी तिच्याजवळ कोण बसतं?"

"मीच," ती म्हणाली. मग घाईने, "म्हणजे, नुसती बसते."

पेन बाईंच्या हातातच राहिलं. तिने कागदाची घडी घालून पर्समध्ये टाकली. "उद्या देते."

दारापाशी भिंतीवर कागदी जिना चिकटवला होता, पायरीपायरीवर मुलांचे फोटो. खारू वरून तिसरी होती. फोटोत तिचे पुढचे दोन दात पडलेले. तिने नजर वळवली.

सुरुवात पाचव्या पायरीवर झाली होती. एका दुपारी जाऊबाईंचा फोन आला. "आमची बाराव्या पायरीवर पोचली बाई! पुस्तक म्हणून सोडत नाही हातातलं. तुमची काय, अजून तळमजल्यावरच?" संध्याकाळी खारू एका शब्दावर अडली, तेव्हा तिने तो हळूच सांगितला. एकच. पुढच्या आठवड्यात ओळीला एक, आणि मग सगळेच. माइकच्या दूरच्या बाजूला बसून ती लेकीच्या कानात शब्द सोडायची, आणि खारू तो मोठ्याने म्हणायची. पुस्तक संपल्यावर पडद्यावर येणाऱ्या पाच प्रश्नांचीही तीच तऱ्हा. उत्तराचं बटण मात्र खारूच दाबायची. आपण बोटसुद्धा लावलं नाही, असं ती मनाला बजावायची. पायरी चढली की पडद्यावर चांदण्यांचा पाऊस पडे, खारू टाळ्या पिटे, आणि ती त्या चांदण्यांचा फोटो जाऊबाईंना पाठवून देई.

घरी येताना खारू पदपथाच्या कडेकडेने तोल सांभाळत चालली होती.

"बाई रागावल्या?"

"नाही गं."

"मग तुला कशाला बोलावलं? मी बरोबर वाचलं होतं." खारूने दोन्ही हात पसरले. "तू नव्हतीस ना तिथे, म्हणून तुझं पण मीच म्हटलं."

तिने पर्स या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली.

हातपाय धुवून खारू आपणहून टेबलाशी येऊन बसली. खारूनेच टॅब उघडला, कालचं पान काढलं आणि लाल ठिपका दाबला. शेजारी घडी उलगडून ठेवलेला तो कागद होता, दोन्ही चौकोन कोरे. पडद्यावर सेकंद पळू लागले.

खारूने रोजच्यासारखी मान आईकडे कलती केली. कान पुढे, डोळे पानावर.

शब्द आईच्या ओठांशी आला. तिने ओठ आवळून घेतले.

सात सेकंद. अकरा. खारूने कोपराने ढोसलं.

"आई, आधी तू."

खारूने एकदा पानाकडे पाहिलं, एकदा आईच्या मिटलेल्या ओठांकडे. काहीतरी ध्यानात आल्यासारखा तिचा चेहरा मऊ झाला. तिने टॅबच्या कडेला माइकचं बारीक छिद्र शोधून त्यावर बोट दाबून धरलं, आईच्या गळ्यात दुसरा हात टाकला आणि तिच्या कानात कुजबुजली,

"तुला पण येत नाही का?"

गळ्यातल्या हातानेच खारूने तिचा खांदा थोपटला.

"असू दे. मी नाही सांगणार बाईंना."

त्या श्वासाची ऊब कानावर तशीच राहिली. थोड्या वेळाने तिने लेकीचं बोट छिद्रावरून अलगद उचललं आणि स्वतःच्या मुठीत धरलं. सेकंद पळतच होते. ती टॅबकडे वाकली.

"बाई," ती म्हणाली, आणि या टेबलाशी इतक्या मोठ्याने ती पहिल्यांदाच बोलत होती, "मी खारूची आई बोलतेय."