खाटेजवळचा स्टूल

पंजाबरावांना त्यांची बायको गेल्याचं कळलं, त्या सकाळी मी व्हरांड्यात उलटा पडलो होतो. त्यांनीच मला तिथे टाकलं होतं.

मित्रांनो, मी रिसोडजवळच्या एका वृद्धाश्रमातला जुना लाकडी स्टूल आहे. रिठदच्या किशन सुताराने मला बाभळीपासून घडवलं. सुरुवातीला माझ्यावर पाण्याची कळशी असे. पुढे उज्ज्वला सिस्टर मला फार आजारी माणसाच्या खाटेजवळ ठेवू लागल्या. शेवटच्या दिवसांत कोणीतरी हात धरून बसावं, एवढाच त्यांचा हेतू होता. पण म्हाताऱ्यांनी वेगळाच अर्थ काढला. स्टूल आला की माणूस चालला, असं ते म्हणू लागले. मी दिसलो की लोक तोंड फिरवत. मला फार वाईट वाटे.

पंजाबरावांच्या बायकोने, प्रयागबाईंनी, खाणं सोडलं, तेव्हा सिस्टरने मला त्यांच्या खाटेजवळ आणलं. पंजाबराव भडकले.

"हे कायले आनलं? बरी होऊन राह्यली ते."

"बाबा, तुमाले बसाले आनलं."

"मले नाई बसाचं."

पलीकडच्या खाटेवरून इंझोरीच्या जमनाबाई म्हणाल्या, "अरे भाऊ, यमाले बसाले येळ कुठं असते? स्टूल तं आपल्यासाठी असते."

पंजाबरावांनी ऐकलं नाही. मला बाहेर नेऊन टाकलं. दोन दिवस ते खाटेपाशी उभेच राहिले. तिसऱ्या सकाळी पाय सुजले, म्हणून जरा टेकायला आपल्या खोलीत गेले. तेवढ्यात प्रयागबाई गेल्या.

"एकटीच होती का?" त्यांनी विचारलं.

"नाई बाबा. मी होती. हात धरून होती," सिस्टर म्हणाल्या.

पंजाबराव खाली बसले, माझ्याजवळ फरशीवर. सिस्टरही बसल्या.

तेराव्या दिवशी पंजाबराव सोडून सगळ्यांनी प्रयागबाईंच्या नावाने चहा घेतला आणि एकेक आठवण सांगितली. पंजाबरावांचा चहा तसाच निवला. नंतर त्यांनी मला सरळ केलं आणि फडक्याने पुसलं.

पोळा झाल्यावर जमनाबाईंनी अंथरूण धरलं. त्यांना जवळचं कोणी नव्हतं. त्या दुपारी सिस्टर मला न्यायला आल्या, तर पंजाबरावांनी मला आधीच उचललं होतं.

"कोन आहे?" जमनाबाईंनी विचारलं.

"मी, पंजाब."

"स्टूल आनला?"

"आनला."

"मंग बस. उभ्यानं काय पाहून राह्यला? इंझोरीचं सोयाबीन कसं आहे यंदा?"

"शेंगाईनं लदलं."

त्या हसल्या. पंजाबराव चार दिवस माझ्यावर बसून होते. चौथ्या दिवशी त्यांच्या हातात हात ठेवूनच जमनाबाई शांतपणे गेल्या. त्यांच्या नावाचा चहा झाला तेव्हा पंजाबराव पहिल्यांदा बोलले. आधी जमनाबाईंबद्दल बोलले, मग प्रयागबाईंबद्दल.

आता मला कोणी टाळत नाही. माझ्यावर बसून गप्पा होतात, हरभरा सोलला जातो. मित्रांनो, मी मरण आणत नाही. तुमच्या घरात कोणी अंथरुणाला खिळलं असेल, तर त्यांच्याजवळ असाच एक स्टूल ठेवा, आणि त्यावर बसा.

प्रयागबाईंच्या खाटेवर आता धनीबाई असतात. त्यांची तब्येत चांगली आहे. "पंजाबराव, बसा नं जरा," त्या रोज म्हणतात. ते उभ्यानेच दोन शब्द बोलतात आणि पुढे जातात. त्या खाटेजवळ बसायचं त्यांचं अजून राहिलं आहे.