डबल बेल

मित्रांनो, मला बघून नाक मुरडू नका. बेरीज-वजाबाकी करणारे कॅल्क्युलेटर गल्लोगल्ली मिळतात. मी त्यातला नव्हे. कर्ज, व्याज, हप्ते अशी किचकट गणितं सोडवणारा मी एक जुना कॅल्क्युलेटर आहे. माझ्या बटणांवरचे आकडे पुसट झाले आहेत आणि झाकण एका रबरबँडच्या भरवशावर टिकून आहे. डोकं मात्र अजून शाबूत आहे.

कारखान्यातून निघालो तेव्हा आम्ही सगळी भावंडं अगदी एकसारखी होतो. कोण कुठे गेलं, देव जाणे. मला एका बाईंनी घेतलं. त्या फर्निचरच्या दुकानात हिशेब बघायच्या. पदवी झाली, लगेच लग्न झालं, मग मुलगी, मग नोकरी. तरी फायनान्समधली मास्टर्स डिग्री घ्यायचीच, हे त्यांच्या मनातून काही जात नव्हतं. कॉलेजात जाऊन बसायला वेळ कुठला! म्हणून त्यांनी दूरशिक्षणाला नाव घातलं. पुस्तकांचा गठ्ठा पोस्टाने आला आणि स्वयंपाकघरातलं टेबल हाच वर्ग झाला. शेजारी कोणी नाही, शंका विचारायला कोणी नाही. थोड्याच दिवसांत बाईंचा धीर सुटला.

"बाबा, मला नाही जमायचं हे. एकटीने वाचून डोक्यात काही शिरतच नाही," त्या सासऱ्यांना म्हणाल्या.

बाबा म्हणजे निवृत्त बसकंडक्टर. त्यांनी खुर्ची ओढली आणि समोर बसले. "एकटी कशी? मी आहे ना! मला शिकव. माझ्या टाळक्यात शिरलं तर परीक्षकाच्या शिरेलच."

तेव्हापासून रोज सकाळी, दुकानाला निघण्याआधी, आमचा वर्ग भरू लागला. बाबा चमचा स्टीलच्या पेल्यावर दोनदा वाजवायचे. टण टण! "डबल बेल! चला, जाऊ द्या!" मग बाई शिकवायच्या आणि बाबा मन लावून ऐकायचे. कधी कधी डुलकीही काढायचे. बाईंनी विचारलं की म्हणायचे, "डोळे मिटून नीट कळतं मला."

एका गोष्टीवरून मात्र दोघांचं रोज वाजायचं. हप्ता महिन्याच्या सुरुवातीला भरायचा की शेवटी, हे मला आधी सांगून ठेवावं लागतं. सुरुवातीला असं सांगितलं की माझ्या पडद्याच्या कोपऱ्यात एक बारीक खूण उमटते. मला बंद करून पुन्हा चालू केलं तरी ती जात नाही. पुस्तकातले बहुतेक हप्ते महिन्याच्या शेवटी भरायचे असत. बाबांना ते मुळीच मान्य नव्हतं.

"पैसे शेवटी? अगं, शेवटच्या स्टॉपवर तिकिटं फाडली असती तर बस विकून पगार करावे लागले असते! तिकीट आधी, प्रवास मग."

"बाबा, ही बस नाही, कर्ज आहे."

"एकूण एकच!"

बाई दूध बघायला उठल्या की बाबा हळूच माझी ती खूण लावून ठेवायचे. बाई परत यायच्या, माझ्याकडे बघायच्या आणि म्हणायच्या, "पुन्हा हात लावलात ना?" बाबा छताकडे बघत बसायचे. मला त्या दोघांची ती खोडी फार आवडायची.

एकेक पेपर सुटत गेला. हप्त्यांचा पेपर तेवढा राहिला. त्यात बाई दोनदा आपटल्या. आता अभ्यासक्रम पुरा करायची मुदत संपत आली होती. या वेळी गेला तर आधीचे सगळे पेपर पाण्यात. आणि नेमके परीक्षेच्या तोंडावर बाबा गेले.

बाईंनी मला खणात टाकलं. तिथल्या अंधारात मी रोज सकाळी चमच्याच्या आवाजाची वाट बघत होतो. वर्ग काही भरला नाही. "मी नाही बसत परीक्षेला," असं त्या म्हणाल्याचं मला खणातूनच ऐकू आलं. त्यांच्या नवऱ्याने समोरची खुर्ची ओढली. मग म्हणाला, "बाबांनी बेल दिली असती, तर तू थांबली असतीस का?"

परीक्षेच्या हॉलमध्ये माझं झाकण उघडलं. बाईंनी पहिलं गणित घातलं. आलेलं उत्तर चारही पर्यायांत नव्हतं. पुन्हा घातलं, तेच आलं. दुसरं गणितही तसंच. त्यांनी प्रश्नातले आकडे पुन्हा ताडून पाहिले. मी काय करणार? मला सांगून ठेवलं होतं तसं मी बिनचूक करत होतो.

मग त्यांची नजर माझ्या पडद्याच्या कोपऱ्यात गेली. बारीक खूण. बाबांनी शेवटच्या सकाळी लावलेली.

बाईंना हसू फुटलं आणि त्याबरोबर डोळेही भरून आले. ती खूण काढल्याशिवाय एकही उत्तर येणार नव्हतं. बोट बटणापर्यंत गेलं आणि तिथेच थांबलं. घड्याळ पुढे सरकत होतं. शेवटी त्यांनी डोळे पुसले आणि बटण दाबलं. खूण गेली. मला फार वाईट वाटलं, मित्रांनो. पण तेवढ्यात बाईंनी पेनाचं टोपण माझ्या कडेवर दोनदा वाजवलं. टक टक! पर्यवेक्षकांनी चष्म्यावरून पाहिलं, तोवर बाई गणिताला लागल्याही होत्या.

पेपर सुटला. पदवी मिळाली. दुकान सुटून मोठी नोकरी लागली. तिथे ही सगळी गणितं कॉम्प्युटर करतो, त्यामुळे मला काम उरलं नाही. तक्रार नाही माझी. घरात कोणी एकटं शिकत असेल, तर त्याच्यासमोर जरा खुर्ची ओढून बसा, एवढंच तुम्हाला सांगतो. तुम्हाला काही कळलं नाही तरी चालेल, डुलकी लागली तरी चालेल.

आणि माझ्यासारख्या जुन्या जिनसांचे सेल वेळच्या वेळी बदलत जा. सेल संपला किंवा काढला की सांगून ठेवलेलं सारं मी विसरतो. म्हणून आमच्या बाई तो संपायची वाटच बघत नाहीत. नवा सेल घालतात, मला चालू करतात आणि एकही गणित न घालता आधी कोपऱ्यातली ती खूण लावतात. मग माझं झाकण मिटून म्हणतात, "तिकीट आधी, बाबा."