अंबिकामावशीच्या चिंबोऱ्या

मच्छीमार नगरच्या धक्क्याखाली, पाण्यात, भलं मोठं भगदाड पडलं होतं. ते बुजवायला ओतलेलं पहिलं काँक्रीट समुद्राने धुऊन नेलं. खडी तळाला बसली, सिमेंट पाण्यात मिसळलं आणि पाणी पांढरंफेक झालं. तिथेच पाण्यात बांधलेल्या खेकड्यांच्या टोपलीत कोळीण अंबिकामावशीने विकायच्या चिंबोऱ्या जिवंत ठेवल्या होत्या. त्या सगळ्या मेल्या. तेव्हापासून कोळणी कामाला हात लावू देईनात, आणि पाऊस तर तोंडावर आलेला. पावसाळ्यातल्या लाटांपुढे तो पोकळ धक्का टिकणार नव्हता.

हेरंब सरांनी हे लोढणं हाताखालच्या नव्या इंजिनीयरच्या, लालबागच्या अक्षदाच्या गळ्यात अडकवलं. सर साइटचे मोठे इंजिनीयर. माणसं हेल्मेट घालतात की नाही, यावर त्यांचा फार कटाक्ष. बाकीचं अक्षदाने बघायचं.

"या वेळी काँक्रीटच्या मालात एक औषध घालणार आहे, मावशी," ती म्हणाली. "कढी फुटू नये म्हणून बेसन लावतो ना, तसं. माल चिकट होतो, पाण्यात सुटत नाही."

मावशीने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तुझे घरची कढी मी खाल्ली नाय. माझी टोपली तिथंच बांधतंय. एक जरी चिंबोरी मेली, तर तुमचा काम बंद."

"बांधा," अक्षदा म्हणाली. बोलून बसली खरी.

कामाच्या दिवशी पंप सुरू झाला. औषधामुळे घट्ट झालेला माल पाइपातून अगदी रखडत उतरत होता. पंपवाल्या विकासला ते बघवेना. "मॅडम, जड चाललंय. थोडं पाणी मारू?"

मुंबईतल्या कुठल्याही साइटवर या प्रश्नाचं उत्तर ठरलेलं असतं, आणि सरांनी ते सवयीने दिलंही. "मार, मार."

विकासने नळ सोडला. अक्षदाने पुढे होऊन पाण्याच्या नळीवर बूट दाबून धरला.

"एक थेंब नाही. सर, पाणी घातलं की औषध वाया गेलं. हळू जातंय तर जाऊ दे. विकास, पाइपचं तोंड मालाच्या आतच ठेव, वर उचलू नकोस."

तिने पाय हलवला नाही. सरांनी तिच्याकडे पाहिलं, मग धक्क्यावर ओळीने उभ्या असलेल्या कोळणींकडे पाहिलं आणि विकासला नळ बंद करायची खूण केली.

माल उतरत राहिला. पाणी हिरवट होतं ते हिरवटच राहिलं. शेवटी पाणबुड्या वर आला, तोंड पुसून म्हणाला, "भरलं. सगळं जागच्या जागी आहे."

पण निकाल त्याच्या हाती नव्हता. मावशीने दोरी ओढली. टोपली वर आली आणि आतल्या चिंबोऱ्या निपचित. बघायला म्हणून सर वाकले, आणि नांगीला बांधलेली दोरी सुटलेल्या एका चिंबोरीने त्यांची बाही अशी धरली, की सुटता सुटेना. मग सगळी टोपलीच वळवळायला लागली. कोळणी पोट धरधरून हसल्या. अक्षदाही हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. जिंकली होती ती.

मावशीने तिच्या डोक्यावरचं हेल्मेट काढलं, उलटं धरलं आणि चार दांडग्या चिंबोऱ्या निवडून त्यात टाकल्या.

"ने घरी. कढी नको करू, रस्सा कर."

उघड्या डोक्याने, भरलेलं हेल्मेट छातीशी धरून अक्षदा अख्ख्या साइटमधून चालत गेली. हेरंब सर तिला काही बोलले नाहीत.